उपहासचित्रें आणि समाजसुधारणा

फळ्यावर खडूनें गुरुजींचें लांब नाकाचें चित्र काढलेलें असावें, वर्ग हंसत असावा, आणि गुरुजींनीं आंत पाऊल टाकावें, असा प्रसंग कोणत्या शाळेंत घडत नाहीं? तें चित्र केवळ खोडकरपणाचें असतें. परंतु हेंच हत्यार विचारी मनुष्याच्या हातीं आलें म्हणजे समाजाचें केवढें हित होतें, हें विद्यार्थ्यांस व पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

स्पेन देशांत फ्रान्सिस्को गोया (१७४६–१८२८) नांवाचा थोर चित्रकार होऊन गेला. १७९९ सालीं त्यानें ‘काप्रिचोस’ नांवाचा ८० चित्रांचा संच छापून प्रसिद्ध केला. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन सुईनें रेघा ओढावयाच्या, मग पत्रा तेजाबांत ठेवावयाचा. उघड्या पडलेल्या रेघा तेजाबानें खोदल्या जातात. त्यांत शाई भरून कागद दाबला कीं चित्र उमटतें. एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघतात. म्हणून श्रीमंताच्या दिवाणखान्यांतील कला अनेकांच्या हातीं जाते.

या संचांत एक गाढव पंतोजी होऊन शिंगरास अक्षरें शिकवितें. दुसऱ्या एका चित्रांत दोन माणसें गाढवांस पाठीवर घेऊन वांकलीं आहेत. आणखी एकांत झाडाच्या खोडावर झगा पांघरला असून लोक त्यापुढें गुडघे टेकीत आहेत! हे भोळे लोक ख्रिस्ती म्हणविणारेच होते, हें आपण ख्रिस्ती जनांनीं विसरूं नये. स्पेनांत त्या काळीं धर्मन्यायसभेचा दरारा मोठा होता. थोडेच संच खपल्यावर गोयानें विक्री थांबविली, आणि १८०३ सालीं ते पत्रे राजाच्या स्वाधीन केले.

आपल्या महाराष्ट्रांतहि असा एक टाक चालला. शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) हे पंडित सातवळेकरांपाशीं चित्रकला शिकले. किर्लोस्करवाडी येथें १९२० सालीं निघालेलें ‘किर्लोस्कर खबर’ पुढें ‘किर्लोस्कर’ झालें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं मासिकें त्यांस येऊन मिळालीं. शंकररावांनीं स्वतः काढलेल्या व्यंगचित्रांनीं अंधश्रद्धा, जातिभेद व स्त्रियांची हीन स्थिति यांवर प्रहार केले. अशा रेखाचित्राचा धातूचा ठसा करून तो अक्षरांबरोबरच छापितां येतो; म्हणून मासिक जेथें जेथें टपालानें पोंचे, तेथें तेथें चित्रहि पोंचे. ज्यास लेख वाचवत नसे, त्यासहि चित्र कळे.

चित्राचा उपदेश मनांत कां शिरतो? नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां राजा त्या अन्यायी धनिकावर संतापला; मग त्याला उमगलें कीं, तो अपराधी आपणच. उपहासचित्राचें कार्य असेंच असतें. आपण प्रथम हंसून निवाडा देतों, आणि मागाहून स्वतःस ओळखतों. पंतोजी गाढवास पाहून मीहि हंसलों. मग माझा वर्ग आठवला आणि हंसें ओसरलें.

मात्र लंगड्याची, बोबड्याची, गरिबाच्या फाटक्या अंगरख्याची नक्कल करणें हा उपहास नव्हे, तें क्रौर्य होय. गोयाची सुई सत्ता, ढोंग व अज्ञान यांवर चालली. आमच्या मढच्या मुलांच्या हातींहि खडू आहे. त्यांनीं तो अवश्य चालवावा. परंतु ज्याचें चित्र काढावयाचें तो आपणांहून दुबळा तर नाहीं ना, हें आधीं पाहावें.