रेडिएटरचे आवरण : शोभा, सुरक्षा आणि जयणा

लेस्टर, लंडन वा अँटवर्प येथे स्थिरावलेल्या जैन कुटुंबांच्या घरी हिवाळ्यात भिंतीलगतचे रेडिएटर तापलेले असतात. त्यांतील पाणी पुष्कळदा ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. रांगणारे बालक किंवा भिंतीच्या आधाराने चालणाऱ्या आजी यांना त्याचा स्पर्श पोळू शकतो. अशा घरी आवरण आवश्यकच ठरते.

मात्र त्याची निवड केवळ नक्षी पाहून करू नये. थंड हवा खालून शिरते, तापून वर चढते. म्हणून आवरण खाली व वर मोकळे, समोर जाळीदार असावे. तापमान राखणारी झडप आत कोंडली, तर ती आवरणातील उष्णतेलाच खोलीची ऊब समजून लवकर मिटते आणि खोली गारच राहते. ती बाहेर राहील अशी खाच ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे समोरची चौकट सहज निघावी. उन्हाळाभर थंड असलेल्या रेडिएटरमागे धूळ साचते, कोळी व कीटक आश्रय घेतात. हिवाळ्यात उष्णता सुरू करण्यापूर्वी मऊ कुंच्याने प्रमार्जन करून त्या जीवांना अलगद बाहेर सोडता आले पाहिजे. जेथे हात पोहोचत नाही, तेथे जयणाही पोहोचत नाही.