फ्रेंच शाळेतला इंग्रजीचा इतिहास

प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे, हे फ्रान्सने राज्यघटनेत लिहिलं ते जून १९९२ मध्ये. आणि दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, तिथल्या शिक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढून सरकारी शाळांत ‘युरोपियन विभाग’ सुरू केले. या विभागांत परभाषेचे, उदाहरणार्थ इंग्रजीचे, जादा तास असतातच, पण खरी मेख वेगळी आहे. एक विषय, म्हणजे इतिहास-भूगोल, गणित किंवा विज्ञान, काही प्रमाणात परभाषेतून शिकवला जातो. तो शिकवणारा इतिहासाचा किंवा गणिताचाच शिक्षक. त्याने त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र मिळवलेलं असतं.

परीक्षा कशी होते ते बघा. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती न पाहिलेला उतारा, आलेख किंवा व्यंगचित्र देतात. तयारीला वीस मिनिटं. मग पहिली दहा मिनिटं त्याने इंग्रजीत त्यावर बोलायचं आणि पुढची दहा वर्षभर केलेल्या अभ्यासावर परीक्षकांशी बोलायचं. समजा, आलेख स्थलांतराचा आहे. आकडे वाचून दाखवले की काम संपत नाही. हे आकडे कोणी जमवले, कशासाठी, यात कोण सुटलं, हे सांगावं लागतं. पाठांतराचं इंग्रजी इथे दोन वाक्यांत उघडं पडतं. या मूल्यमापनात २० पैकी १० आणि भाषेत १२ गुण मिळाले, तर बाकच्या, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, प्रमाणपत्रावर विभागाची नोंद होते.

याहून भारदस्त प्रकार म्हणजे ‘आंतरराष्ट्रीय विभाग’. पॅरिसजवळच्या सँ-जेर्मँ-आँ-ले इथली शाळा १९५२ मध्ये नाटोच्या लष्करी मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निघाली. आज तिथे ब्रिटिश आणि अमेरिकनसह अनेक देशांचे विभाग आहेत. प्रवेशाला लेखी आणि तोंडी चाचणी असते. माध्यमिकच्या पहिल्या वर्षापासून (तिथले वर्ग उलटे मोजतात, सहावीतून पाचवीत ‘वर’ जायचं!) आठवड्याला साधारण चार तास इंग्रजी साहित्य, शिवाय इतिहास-भूगोलाचे काही तास इंग्रजीतून. त्याच विषयाचा उरलेला भाग फ्रेंचमध्येच होतो. शेवटच्या परीक्षेचं नाव २०२४ पासून ‘फ्रेंच आंतरराष्ट्रीय बाक’ झालं.

आपल्या सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि इतिहास मराठीतून असतो. फ्रेंचांच्या इंग्रजी विभागात नेमका इतिहास परभाषेत जातो. मला ही निवड अधिक पटते. गणितात चिन्हं आणि सूत्रं विद्यार्थ्याला सांभाळून घेतात. इतिहासात ‘पण’, ‘तरीही’, ‘त्यामुळे’ जोडत मत मांडल्याशिवाय सुटका नाही. अर्थात चिनी विभागात गणितच घेतात, तेव्हा हा नियम सगळीकडे सारखा नाही.

एक खाच सांगायला हवी. शाळा सरकारी आणि मोफत असली, तरी आंतरराष्ट्रीय विभागाचे परदेशी शिक्षक अनेक ठिकाणी पालकांच्या संस्थेच्या पैशातून नेमले जातात, आणि मग विभागाची वेगळी फी द्यावी लागते. युरोपियन विभागात ती भानगड नाही.

नोकरीनिमित्त फ्रान्सला निघालेल्या मराठी आईवडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं: मुलाचं इंग्रजी कितीही पक्कं असलं, तरी बाकीचे सगळे तास फ्रेंचमध्येच होतात. चाचणीची तारीख शाळेला आधीच विचारून ठेवा आणि मुलाची फ्रेंचची शिकवणी इथूनच सुरू करा.