‘प्री-मेड’ म्हणजे मेडिकल नव्हे

अमेरिकेत शिकणारी नात ‘प्री-मेड’ आहे असे कळले, की पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : मेडिकलच्या कितव्या वर्षाला? आपल्याकडच्या व्यवस्थेत हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. बारावी आणि ‘नीट’ पार पडली की विद्यार्थी थेट एमबीबीएसच्या वर्गात बसतो आणि थोड्याच दिवसांत शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहतो. अमेरिकेत मात्र मेडिकल स्कूलचे दार बारावीनंतर किमान चार वर्षांनी, बहुतेकांसाठी पाच-सहा वर्षांनी उघडते. मधल्या या काळाला ‘प्री-मेड’ म्हणतात. ती पदवी नाही, शाखा नाही आणि प्रवेशाची हमी तर मुळीच नाही. विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्याने ‘पुढे डॉक्टर व्हायचे आहे’ असे सांगितले, की तो प्री-मेड झाला.

ही पद्धत नेहमीच अशी नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, तेव्हा प्रवेशासाठी आधीच्या पदवीची अट नव्हती. जॉन्स हॉपकिन्सचे मेडिकल स्कूल १८९३ मध्ये सुरू झाले ते विज्ञानाच्या पूर्वतयारीसह पदवी हवी, असा नियम घेऊनच. पुढे १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने देशातील सुमार वैद्यकीय शाळांवर कोरडे ओढले आणि हॉपकिन्सचा नमुना हळूहळू सर्वत्र रूढ झाला. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि पदार्थविज्ञान, तेही प्रयोगशाळेसह, ही आजची ठरावीक यादी त्याच परंपरेतली आहे. जीवरसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि इंग्रजी लेखन यांची भर अलीकडे अनेक ठिकाणी पडली आहे.

पहिल्या सत्राचा धक्का

शाळेत पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलाची विद्यापीठातली पहिली ओळख होते ती जनरल केमिस्ट्रीच्या सभागृहाशी. मोठ्या विद्यापीठांत तेथे दोन-तीनशे विद्यार्थी बसतात आणि त्यांतला बराच मोठा हिस्सा स्वतःला प्री-मेड म्हणवतो. अध्यापकाला नावे ठाऊक नसतात, हजेरी बहुधा नसते. आठवड्याला गणितांचा संच, प्रयोगशाळेचा अहवाल, अधूनमधून चाचण्या आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात पहिली मोठी परीक्षा, असा क्रम चालतो. शाळेत परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अभ्यास करून नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलेला विद्यार्थी या परीक्षेत पासष्टवर येतो आणि आयुष्यात प्रथमच गोंधळतो. घरी फोनवर तो ‘ठीक चाललंय’ एवढेच सांगतो. गोष्ट बिघडते ती बहुधा इथे, गुण कमी पडल्याने नव्हे, तर ते कोणालाच न सांगितल्याने.

याचे कारण हिशेबात आहे. अमेरिकेत ए श्रेणीला चार, बी ला तीन आणि सी ला दोन गुण धरून सरासरी गुणांक, म्हणजे जीपीए, काढतात. बहुतेक मेडिकल स्कूलांचे अर्ज ज्या ‘ॲमकास’ या केंद्रीय सेवेमार्फत जातात, तिला प्रत्येक महाविद्यालयाचे संपूर्ण गुणपत्रक द्यावे लागते. एखादा विषय पुन्हा घेऊन सुधारला तरी जुनी श्रेणी पुसली जात नाही. दोन्ही मोजल्या जातात. विज्ञान आणि गणित या विषयांची सरासरी वेगळी काढली जाते ती निराळीच. समजा, पहिल्या सत्रात २.७ गुणांक मिळाला आणि त्यानंतर प्रत्येक सत्रात ३.८ राखला. तिसऱ्या वर्षाअखेर, म्हणजे सहा सत्रांनंतर, एकूण सरासरी सुमारे ३.६२ होते, आठ सत्रांनंतर ३.६६. प्रवेश मिळवणाऱ्यांची सरासरी अलीकडच्या वर्षांत ३.८ च्या आसपास आहे. म्हणजे पहिल्या सत्राची जखम जीवघेणी नसते, पण तिचा व्रण शेवटपर्यंत दिसतो.

म्हणून नवोदितांना जाणते समुपदेशक सांगतात ते ऐकायला अगदी साधे वाटते : पहिल्या सत्रात प्रयोगशाळेचे विषय एक, फार तर दोन घ्यावेत. शाळेत ‘एपी’ परीक्षा देऊन मिळवलेल्या श्रेयांकांच्या जोरावर थेट पुढच्या वर्गात उडी मारण्याचा मोह भारतीय घरांतून विशेष दिसतो. परंतु अनेक मेडिकल स्कूल ते श्रेयांक मूळ विषयाच्या बदल्यात मान्य करीत नाहीत किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा विषय मागतात. सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषय सोडला तर गुणपत्रकावर खूण राहत नाही; नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ अशी नोंद होते. एखादी ‘डब्ल्यू’ सी पेक्षा बरी, हे मात्र पुष्कळांना उशिरा उमगते.

‘ऑफिस अवर्स’ ही तेथील एक उत्तम सोय आहे. आठवड्यातील ठरलेल्या वेळी प्राध्यापक आपल्या खोलीत केवळ विद्यार्थ्यांसाठी बसलेले असतात. मराठी घरातील मुलांना सरांच्या दारावर टकटक करणे म्हणजे आपली अक्कल उघडी पाडणे वाटते. प्रत्यक्षात तीनशेंच्या वर्गात अध्यापकाला चेहरा ओळखीचा होण्याचा हा जवळजवळ एकच मार्ग आहे. पुढे मेडिकल स्कूलांना साधारणपणे दोन विज्ञान-अध्यापकांची आणि एका इतर विषयाच्या अध्यापकाची शिफारसपत्रे लागतात. ज्याने नावही ऐकले नाही तो पत्रात लिहिणार काय?

सेंद्रिय रसायनाची गाळणी

दुसऱ्या वर्षी येणारे सेंद्रिय रसायनशास्त्र ही प्री-मेड जीवनातील प्रसिद्ध गाळणी. ‘ऑर्गो’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विषयाने किती जणांना अर्थशास्त्राकडे किंवा संगणकाकडे वळवले असेल, याची गणती नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात २०२२ मध्ये या वर्गातील साडेतीनशेपैकी ८२ विद्यार्थ्यांनी गुणांविषयी अर्ज केला, अनुभवी प्राध्यापकाचा करार संपवण्यात आला आणि विषय कठीण की विद्यार्थी कच्चे, यावर देशभर वाद झडला. वादाचा निकाल लागला नाही. पाठांतरावर हा विषय सुटत नाही, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य होते. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कोठून कोठे जातात ते रोज कागदावर काढून पाहावे लागते. चौघांचा गट करून एकमेकांना फळ्यावर समजावणाऱ्यांचा निभाव त्यामुळेच अधिक लागतो. शेजाऱ्यापासून वही लपवणारे प्री-मेडही असतात. ते फार पुढे जातात असे नाही.

मुख्य विषय, म्हणजे ‘मेजर’, कोणताही चालतो. आवश्यक विज्ञान विषय पूर्ण केले की इतिहास किंवा संगीतात पदवी घेणाराही अर्ज करू शकतो. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, म्हणजे ‘एएएमसी’च्या आकडेवारीत मानव्यविद्येच्या अर्जदारांचे प्रवेशाचे प्रमाण जीवशास्त्रवाल्यांपेक्षा कमी दिसत नाही. तरीही जीवशास्त्राकडेच लोंढा जातो.

एमकॅट आणि त्यापलीकडे

‘एमकॅट’ ही प्रवेशपरीक्षा २०१५ पासून नव्या स्वरूपात होते. चार विभाग, २३० प्रश्न आणि मधल्या सुट्ट्या धरून सुमारे साडेसात तास. गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर. मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे; उताऱ्यांच्या आकलनाचा विभाग तर असा, की त्यात रसायनशास्त्राचे पाठांतर उपयोगी पडत नाही. वर्षात तीनदा, लागोपाठच्या दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात एकूण सातदाच ती देता येते. ‘देऊन तर पाहू’ म्हणून बसण्याची ही परीक्षा नव्हे.

गुणांखेरीज रुग्णांशी आलेला संबंध पाहिला जातो. रुग्णालयात चाकाची खुर्ची ढकलणे, डॉक्टरांच्या नोंदी टिपणारा ‘स्क्राइब’ होणे, रुग्णवाहिकेवरील प्रशिक्षण घेणे, वृद्धाश्रमात जेवण भरवणे, हे सारे चालते. अर्जात अशा पंधरा कामांपर्यंत जागा असते. पण तीन वर्षे एकाच दवाखान्यात जाणाऱ्याजवळ सांगण्यासारखे काही असते, पंधरा ठिकाणी पंधरा दिवस घालवणाऱ्याजवळ क्वचितच. या कामाचा दुसराही उपयोग आहे. रक्त, विष्ठा, वेदना आणि चिडलेले नातेवाईक पाहून हा व्यवसाय आपल्याला झेपणार का, हे एकोणिसाव्या वर्षी कळणे पंचविसाव्या वर्षी कळण्यापेक्षा केव्हाही चांगले. तेथून मागे फिरणाऱ्याला घरच्यांनी हरलेला समजू नये.

२०२४ मध्ये सुमारे ५२ हजार जणांनी एमडी पदवीसाठी अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. वाटेतच बाजूला झालेले या आकड्यांत येत नाहीत. पदवीनंतर एक-दोन वर्षे संशोधन किंवा रुग्णालयात काम करून मग अर्ज करणारे आता बहुसंख्य आहेत, त्यामुळे ‘मुलाचे वर्ष वाया गेले’ ही आपल्याकडची हळहळ तेथे गैरलागू ठरते. खर्चाचा विचार मात्र आधीच हवा. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी वैद्यकीय शिक्षणाच्या संघराज्यीय कर्जावर वर्षाला ५० हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली. अनेक मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा एकूण खर्च त्याहून बराच अधिक आहे.

व्हिसाचा अडसर

मराठी कुटुंबांच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब व्हिसाची. एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांची मुले एच-४ दर्जावर वाढतात आणि २१ वर्षे पूर्ण होताच तो दर्जा संपतो. भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की बालवाडीपासून अमेरिकेत शिकलेला मुलगा नेमका मेडिकल स्कूलचा अर्ज भरण्याच्या सुमारास एफ-१ व्हिसा घेऊन ‘परदेशी विद्यार्थी’ होतो. अनेक मेडिकल स्कूल परदेशी अर्ज स्वीकारतच नाहीत. जी स्वीकारतात त्यांतली काही, एक वा अधिक वर्षांचे पैसे आगाऊ ठेवायला सांगतात. संघराज्यीय कर्ज अशा विद्यार्थ्याला मिळत नाही. भारतातून थेट प्री-मेडसाठी जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे. भारतात एमबीबीएस करून ‘यूएसएमएलई’ परीक्षांद्वारे तेथील रेसिडेन्सीकडे जाण्याचा रस्ता पूर्णपणे वेगळा असून त्याला प्री-मेड लागत नाही.

कोणते मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थी घेते याची नोंद एएएमसीच्या ‘एमएसएआर’ या माहितीकोशात असते. ती विद्यापीठाच्या पहिल्याच वर्षी, मेजर ठरवण्यापूर्वी पाहिलेली बरी. चौथ्या वर्षी पाहिली तर हातात फक्त पदवी असते आणि व्हिसाचे उरलेले महिने.