नखाखालची कळ
सुरत-कामरेज पट्ट्यात हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारागिरांचं भांडवल म्हणजे बोटांची टोकं. तिथंच, नखाखाली, क्वचित कुणालाही ग्लोमस ट्यूमर होतो. बहुतेकदा हा कर्करोग नसतो. पण गार पाणी लागताच जीवघेणी कळ येते.

गाठ जेमतेम काही मिलिमीटरची. एक्स-रेत अनेकदा काहीच दिसत नाही, म्हणून निदान वर्षानुवर्षं हुकतं.

डॉक्टर टाचणीच्या डोक्यानं नख दाबत जातात. एका ठिपक्यावर रुग्ण कळवळतो, जरा बाजूला दाबलं तर काहीच नाही. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबवला की दुखणं ओसरतं. एमआरआयनं जागा पक्की होते.

१९२४ मध्ये पिएर मासों या पॅथॉलॉजिस्टनं या गाठीचं सविस्तर वर्णन केलं. उपचार शस्त्रक्रियेचाच: बोट बधिर करून गाठ समूळ काढतात. अंश राहिला तर दुखणं परततं.