साहेबांचं टार्गेट आणि आपली सही

ताईंनो, कर्जाच्या कागदांत मधेच विम्याचा फॉर्म का येतो? बऱ्याचदा कारण असतं टार्गेट. मोठ्या बँकांत विक्रीचं काम करणाऱ्या पोरापोरींना महिन्याला इतकी खाती, इतके विमे असा आकडा दिलेला असतो. रोज वरून विचारणा. पगार मिळतो, पण कामात मन कसं लागणार? जून 2023 मध्ये एचडीएफसी बँकेच्या कोलकात्यातल्या अधिकाऱ्याचा, टार्गेटवरून हाताखालच्यांवर ओरडतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. बँकेने त्याला निलंबित केलं.

शाखा नाशिकची असो की सुरगाण्याची, वरचा ताण शेवटी आपल्यापाशी येतो. समोरच्या पोरावर चिडू नका, त्याचीही नोकरी आहे. पण न विचारता सही करू नका. वर्षाला 436 रुपयांची जीवनज्योती आणि 20 रुपयांचा सुरक्षा विमा वेगळा. दरवर्षी हजारो भरायची पॉलिसी वेगळी. "हप्ता किती, किती वर्षं?" एवढं विचाराच. गटाच्या कर्जासाठी अशी पॉलिसी घेतलीच पाहिजे, असा नियम नाही.

सही होऊन गेली असेल, तरी आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत लेखी अर्ज देऊन रद्द करता येते. थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. बँकेने दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेचा नंबर 14448.