प्रतिकारशक्ती दाबली, की उंदराच्या रक्तात काय घडतं?

1878 साली कोलकात्यात टिमथी लुईस या डॉक्टरांना उंदरांच्या रक्तात वळवळणारे जीव दिसले. पुढे त्यांच्याच नावावरून या परजीवीला ट्रिपॅनोसोमा लुईसी म्हणू लागले. उंदीर पिसू खातो किंवा तिची विष्ठा चाटतो, तेव्हा हा परजीवी त्याच्या अंगात शिरतो. सहसा मात्र उंदीर त्याने मरत नाही. का मरत नाही, हे काचपट्टीवर बघता येतं.

शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पातळ पसरायचा, गिम्सा रंगाने रंगवायचा. सुरुवातीच्या दिवसांत परजीवी लहानमोठे दिसतात, काही तर दुभंगताना सापडतात. पुढे सगळे जवळपास एका मापाचे, सडपातळ. म्हणजे विभाजन थांबलं. विल्यम टॅलियाफेरो यांनी 1920च्या दशकात परजीवींची लांबी मोजून हेच ताडलं आणि वाढ रोखणाऱ्या प्रतिपिंडाला अ‍ॅब्लास्टिन नाव दिलं. एवढ्या साध्या मोजमापातून केवढं कळलं! उरलेले परजीवी पुढे इतर प्रतिपिंडांमुळे मरतात.

याच उंदराला प्रतिकारशक्ती दाबणारं कॉर्टिसोन दिलं, तर अ‍ॅब्लास्टिनला आळा बसतो. काचेवर दुभंगणारे परजीवी दिसतच राहतात, त्यांची संख्या चढत जाते आणि उंदीर दगावूही शकतो.

पण यावरून सरसकट नियम काढू नये. सायक्लोस्पोरिनही प्रतिकारशक्ती दाबतं, तरी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मलेरिया झालेल्या उंदरांत त्याने परजीवी उलट कमी झाल्याचं आढळलं. हे औषध थेट परजीवीवरच घाव घालतं. माणसाच्या मलेरियाचा परजीवी शरीराबाहेर, नुसत्या तांबड्या पेशींत वाढवला, तरी त्याची वाढ रोखतं. म्हणून असा कुठलाही प्रयोग वाचताना मी आधी हेच शोधतो, की शरीराबाहेरची ही चाचणी केली होती का?

उंदरांना मलेरिया करणाऱ्या प्लाझ्मोडियम बर्घेई या परजीवीच्या ‘अंका’ वाणाने तर गुंता आणखी वाढतो. काही जातींचे उंदीर त्याने आठवड्याभरात मेंदूच्या मलेरियाने मरतात. त्यांच्यातल्या सीडी4 या प्रतिकारशक्तीच्या पेशी आधीच काढून टाकल्या, तर मेंदू वाचतो. पण परजीवी वाढत राहतात आणि पुढे उंदीर रक्तक्षयाने मरतो. म्हणजे मेंदूच्या इजेत उंदराच्या स्वतःच्या पेशींचाही हात असतो. मग प्रतिकारशक्ती दाबायला माणसाला स्टेरॉइड का देऊ नये? थायलंडमधल्या मेंदूच्या मलेरियाच्या रुग्णांवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 1982 मध्ये छापून आले. औषध मिळालेले रुग्ण जास्त काळ बेशुद्ध राहिले होते.