मोड येण्याआधीच थांबायचं!

उसळ करायची असली की आई आदल्या दिवशी मटकी भिजत घालते आणि मग फडक्यात घट्ट बांधून ठेवते. सकाळी गाठ सोडावी तर काय, दाण्यादाण्याला पांढरं शेपूट! आता समजा, मोड फुटायच्या आतच ते दाणे काढून सावलीत सुकवले तर? ते मेले असं समजू नका. ते अर्ध्या वाटेवर थांबलेत. पुन्हा ओल मिळाली की उरलेली वाट झपाट्याने चालतात.

पेरणीआधी शेतकरी हीच युक्ती वापरतात. हरभरा रात्रभर, म्हणजे साधारण ८ तास भिजवायचा, वरची ओल सुकवायची आणि सकाळी पेरायचा. तो लवकर उगवतो.

बियाच्या पोटात तेव्हा काय चाललेलं असतं? आधी ते पाणी ओढून फुगतं. मग बराच वेळ बाहेरून काहीच दिसत नाही, पण आत लग्नघरासारखी धांदल असते! साठवलेलं अन्न विरघळू लागतं, झालेली मोडतोड दुरुस्त होते. शेवटी मूळ बाहेर येतं. एकदा मूळ आलं की परतीची वाट बंद. मग बी वाळलं तर ते मरतंच. म्हणून थांबायचं ते मोडाच्या आधी.

आपल्या जालन्याला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे 'महिको' ही बियाणे कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. जुना जालना असो की कुंडलिकेपलीकडचा नवा, मृगाच्या सुमारास बियाण्यांचीच चर्चा. पण एक सर येते आणि पाऊस दडी मारतो. कोंब मातीतच करपतात. मग दुबार पेरणी! घरात दुसऱ्यांदा बियाण्याची पिशवी आणायची म्हणजे वह्या-दप्तराचे पैसे तिकडे जातात, हे तुमच्यातल्या कितीतरी जणांना ठाऊक असेल. (भिजवलेलं बी म्हणजे काही पावसाला पर्याय नव्हे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं ते उगीच नाही.)

आता या गोष्टीत समुद्र येतो. तुम्ही म्हणाल, जालन्यापासून समुद्र ४०० किलोमीटरच्या आसपास, त्याचा इथे काय संबंध? तर समुद्रात शेवाळ वाढतं. आपल्या हौदातल्यासारखं बुळबुळीत नव्हे, चांगलं हातभर लांबही असतं. तामिळनाडूत मंडपमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांना बांधून 'कॅपाफायकस' नावाच्या शेवाळाची शेती करतात. हे ताजं शेवाळ वाटून त्याचा रस काढायचा आणि उरलेल्या चोथ्यातून कॅराजिनन हा दाटपणा आणणारा पदार्थ मिळवायचा, अशी रीत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने बसवली. कॅराजिनन आइस्क्रीममध्येही घालतात. काय, आहे की नाही गंमत!

या रसात पोटॅशियम असतं, इतर क्षार असतात आणि ऑक्सिन, सायटोकायनिन अशी वाढीची संप्रेरकं अगदी थोडी असतात. संप्रेरक म्हणजे 'चल, वाढ' असा निरोप पोचवणारा पदार्थ. म्हणून साध्या पाण्याऐवजी शेवाळाच्या पातळ अर्कात बी भिजवून पाहतात. बऱ्याच प्रयोगांत त्याने उगवण सुधारलेली दिसली.

वर्गात हे सांगत होते, तेव्हा एका मुलीने विचारलं, "बाई, समुद्राचं म्हणजे खारट. मग बी मरणार नाही का?" अगदी बरोबर शंका! अर्क फार दाट झाला तर बियाला पाणी ओढणंच जड जातं आणि उगवण उलट कमी होते. जास्त औषध म्हणजे जास्त गुण, हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी शंका माझी. अर्कात भिजवलेलं बी लवकर उगवलं, तर ते अर्कामुळे की नुसत्या भिजवण्यामुळे? बाटली विकणारा हे सांगेलच असं नाही. अशी द्रव्यं २०२१ साली केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, हे चांगलं झालं. तरी आपण स्वतः पाहिलेलं बरं.

चार बशा घ्या. स्वयंपाकघरातले अख्खे हरभरे प्रत्येकी २० मोजा. (पेरणीच्या पिशवीतलं रंगीत बी नको, त्याला विषारी औषध चोळलेलं असतं.) 'अ'चे दाणे कोरडेच ठेवा. 'ब'चे साध्या पाण्यात, 'क'चे बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातल्या अर्कात आणि 'ड'चे त्याच्या दसपट दाट अर्कात ८ तास भिजवा. अर्क मोठ्या माणसांनीच मोजून द्यावा. घरी बाटली नसेल तर 'अ' आणि 'ब' पुरे, विकत आणू नका. मग भिजलेले दाणे सावलीत सुकवून चारही बशांत ओल्या फडक्यावर ठेवा. सकाळ-संध्याकाळ मोड मोजून वहीत लिहा. 'क' बशी 'ब'च्या पुढे गेली, तरच श्रेय शेवाळाला!

आणि हो, सोयाबीन मात्र असं भिजवून पेरायला सांगू नका बरं का. त्याची साल पातळ, पाणी भसकन आत शिरतं आणि डाळिंब्या तडकतात. सोयाबीनसाठी ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून किती उगवतात ते मोजायचं. ७० किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणं पेरणीजोगं.